वेलदोड्याच्या बाजाराला कायद्याची चौकट

वेलदोडा हा भारतात सर्वांत बारकाईने नियमन होणाऱ्या मसाल्यांपैकी एक आहे. आज इडुक्की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ भागातला वेलदोडा एकेकाळी त्रावणकोर संस्थानाच्या मक्तेदारीत होता. पिकवणाऱ्याने माल सरकारलाच द्यायचा, तो आलेप्पी बंदरातल्या कोठारात जमा व्हायचा आणि तिथूनच विकला जायचा. ‘आलेप्पी ग्रीन’ हे व्यापारी नाव या बंदरामुळे रूढ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मक्तेदारी उठली आणि माल खुल्या बाजारात आला.

स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये वेलदोडा कायदा झाला आणि त्यानुसार कोचीत वेलदोडा मंडळ स्थापन झाले. मसाले मंडळ कायदा १९८६ चा. त्यानुसार २६ फेब्रुवारी १९८७ रोजी वेलदोडा मंडळ आणि मसाला निर्यात प्रोत्साहन परिषद एकत्र येऊन मसाले मंडळ, म्हणजेच स्पायसेस बोर्ड, अस्तित्वात आले. ते केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. बहुतेक मसाल्यांबाबत मंडळाचा भर निर्यातीवर आहे, पण हिरव्या वेलदोड्याची आणि सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या मसाला वेलचीची लागवड वाढवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे.

नियमनाचा कणा म्हणजे १९८७ चे परवाना व विपणन नियम. बागायतदाराला नोंदणी करावी लागते. लिलाव चालवणाऱ्या संस्थेला आणि खरेदीदार व्यापाऱ्याला मंडळाचा परवाना लागतो. तमिळनाडूतील बोडिनायक्कनूर आणि केरळमधील पुट्टडी ही हिरव्या वेलदोड्याच्या लिलावाची प्रमुख केंद्रे आहेत.

२००७ मध्ये तोंडी बोलीऐवजी संगणकावरची बोली आली. लिलावाआधी प्रत्येक लॉटचा नमुना खरेदीदारासमोर येतो. खरेदीदार बोंडाचा हिरवा रंग पाहतो, बोंड फोडून दाणे काळे आणि भरलेले आहेत का हे तपासतो, वास घेतो. आठ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणाऱ्या टपोऱ्या बोंडांना चढा भाव मिळतो; लिटरभर मापात माल किती भरतो यालाही महत्त्व आहे. मग पडद्यावर लॉटचा क्रमांक झळकतो आणि बोली वाढत जाते. एकाच वेळी अनेक खरेदीदार उघडपणे बोली लावत असल्याने एकट्या दलालाच्या शब्दावर भाव ठरत नाही. लहान बागायतदाराला याचा मोठा आधार आहे.

प्रोत्साहनाची बाजूही तितकीच महत्त्वाची. इडुक्कीतील मैलाडुंपारा येथील भारतीय वेलदोडा संशोधन संस्था १९७८ पासून वाण, रोग आणि कीड यांवर काम करते. जुन्या बागांची पुनर्लागवड, रोपवाटिका, सिंचन आणि सुधारित वाळवणी यांसाठी मंडळाच्या अनुदान योजना आहेत. काढणीनंतर भट्टीत उष्णता बेताची ठेवून बोंडे वाळवली, तरच हिरवा रंग टिकतो आणि रंगावरच प्रत ठरते. निर्यातीच्या मालाची तपासणी करणाऱ्या मंडळाच्या प्रयोगशाळा मुंबईसह अनेक शहरांत आहेत. आखाती देश कीटकनाशकांच्या अंशाबाबत कडक झाल्यापासून या तपासणीचे मोल वाढले आहे. जगाच्या बाजारात ग्वाटेमालाचा स्वस्त माल भारताचा मोठा स्पर्धक असल्याने दर्जा हीच भारतीय मालाची खरी ताकद आहे. ‘आलेप्पी ग्रीन’ आणि ‘कूर्ग ग्रीन’ या वेलदोड्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. वेलदोड्याला हमीभाव नाही. मंडळ विक्रीची रीत ठरवते, भाव नाही. केरळमधील २०१८ च्या महापुराने आणि त्यानंतरच्या पावसाच्या ओढीने उत्पादन घटले, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये पुट्टडीच्या लिलावात किलोला ७,००० रुपयांची विक्रमी बोली लागली. बागा सावरल्या, आवक वाढली आणि दोन वर्षांत सरासरी भाव हजाराच्या आसपास घसरला. लिलावात घेतलेला माल पुन्हा लिलावात आणण्याची प्रथाही आवक फुगवते आणि बागायतदाराचा भाव पाडते, अशी तक्रार आहे. या प्रथेला आळा घालणे आणि मंदीत बागायतदाराला तग धरता येईल अशी तरतूद करणे, ही या चौकटीतली अपुरी राहिलेली कामे आहेत.