दोन बारांमधील बोळा

७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक यांची काळी दारू जळाली, की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक अंश घनरूपात उरतो. ठासणीच्या बंदुकीत ही काजळी साचली, तर पुढची गोळी दारूपर्यंत न पोहोचता मध्येच अडकते आणि बार होताच नळी फुटू शकते. म्हणून गजाला ओलसर चिंधी लावून नळी पुसतात. काजळीतील क्षार पाण्यात विरघळतात. मग कोरडी चिंधी फिरवितात.

तोफेत तर उरलेली एक ठिणगीही गोलंदाजाच्या जिवावर बेते. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) एकजण ओला बोळा फिरवीत असता दुसरा तोफेचा कान, म्हणजे दारू पेटविण्याचे छिद्र, चामडी टोपण चढविलेल्या अंगठ्याने दाबून धरी. त्यामुळे आत वारा शिरून निखारा फुलत नसे.