मोटर, माती आणि छोटी चिप : चार गैरसमज

वणीच्या शिवारात कापसाला पाणी देणाऱ्या मोटरचा डिजिटल स्टार्टर असो की भूमिगत कोळसा खाणीतला मिथेनमापक, आतला कारभार बहुधा मायक्रोकंट्रोलरकडे असतो. प्रोसेसर, मेमरी आणि सेन्सर जोडायच्या पिना, सगळे एकाच चिपमध्ये. तिच्याबद्दल चार समज हमखास ऐकू येतात.

गैरसमज १ : एवढीशी चिप काय करणार? महत्त्वाच्या कामाला संगणकच हवा.
वस्तुस्थिती : एटीमेगा ३२८पी या प्रसिद्ध चिपची रॅम अवघी २ किलोबाइट आहे. ओलावा मोजून व्हॉल्व्ह उघडायला ती पुरून उरते. खाणीत मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला की वीज तोडावी लागते. अशा वेळी वेगापेक्षा ठरल्या वेळेत काम होण्याची खात्री मोलाची. दहा कामांत गुंतलेला साधा संगणक ती देत नाही. मात्र खाणीत प्रमाणित यंत्रच चालते, बाजारातले हौशी किट नव्हे.

गैरसमज २ : ‘रिअल-टाइम’ म्हणजे ताबडतोब.
वस्तुस्थिती : रिअल-टाइम म्हणजे वेळेवर. वीज येताक्षणी मोटर सुरू करणारे ऑटो स्विच काढा, असे महावितरण शेतकऱ्यांना सांगत आले आहे. कारण वीज आली की सगळे पंप एकदम उठतात आणि रोहित्रावर ताण येतो. मायक्रोकंट्रोलर प्रत्येक पंपाला वेगवेगळा उशीर लावू शकतो आणि तेवढ्यात तिन्ही फेज आहेत का, हेही तपासू शकतो. एक फेज गेली असताना चाललेली मोटर जळते. इथे थांबणे हेच वेळेवरचे काम.

गैरसमज ३ : कमी विजेची चिप घेतली की बॅटरी वर्षानुवर्षे टिकते.
वस्तुस्थिती : बॅटरी वाचते ती चिपच्या झोपेमुळे. २२० मिलिअँपिअर-तासांची बटण बॅटरी सतत ५ मिलिअँपिअर ओढल्यास ४४ तासांत संपते. बहुतेक वेळ झोपवून सरासरी १० मायक्रोअँपिअरवर आणली, तर हिशेबाने अडीच वर्षे जाते. पण तीच चिप अर्दुइनो उनोसारख्या तयार बोर्डवर असेल, तर ती झोपली तरी बोर्डवरचे इतर भाग वीज खातच राहतात. मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या मॉडेमचा खर्च वेगळाच.

गैरसमज ४ : सेन्सरने ३० टक्के दाखवले, म्हणजे पिकाला पाणी आहे.
वस्तुस्थिती : काळी जमीन पाणी घट्ट धरून ठेवते. वाळूत पिकाला भरपूर ठरणाऱ्या टक्केवारीवर इथले रोप कोमेजू शकते. शिवाय जमीन सुकताना भेगाळते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि आकडा खोटा पडतो. स्वस्त, दोन उघड्या खिळ्यांचे सेन्सर तर सतत वीज दिली की गंजतात. ते मोजण्यापुरतेच चालू करावेत.

उपाय सोपा आहे. आपल्याच शेतातल्या मातीचे नमुने वाफशाला आणि त्याहून कोरड्या अवस्थेत घ्यावेत. सेन्सरचे आकडे टिपावेत, नमुने तोलावेत, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा तोलावेत. वजनातली घट म्हणजे खरा ओलावा. त्याच्याशी आकडे जुळवल्यानंतरच मोटर चिपच्या हवाली करावी.