एकदिशकारक, गिटार-विवर्धकातील
घरगुती वीजपुरवठ्यातील प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीस एकदिशकारक म्हणतात. विद्युत् गिटारच्या नलिका-विवर्धकात हे कार्य निर्वात नलिकेकडून किंवा सिलिकॉन डायोडांकडून करून घेता येते. गिटारचा ध्वनिसंकेत एकदिशकारकातून जात नाही. त्यामुळे नलिका-एकदिशकारकाचा आवाज गोड असतो, हे वादकांतील मत शब्दशः खरे नाही. फरक पडतो तो भार वाढल्यावर विद्युत् दाब किती घसरतो यामुळे.

निर्वात डायोड जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये तयार केला. पुढे प्रचारात आलेल्या ५ वाय ३ या नलिकेत १२५ मिलिअँपिअर प्रवाहास सुमारे ५० व्होल्ट खर्ची पडतात. जीझेड ३४ मध्ये २२५ मिलिअँपिअरलाही सुमारे १७ व्होल्टच, तर सिलिकॉन डायोडात जेमतेम १ व्होल्ट. तार जोराने छेडताच प्रदान नलिका (ध्वनिक्षेपकास शक्ती पुरविणाऱ्या अखेरच्या नलिका) अधिक प्रवाह ओढतात, दाब क्षणभर खचतो, स्वराचा आघात बोथट होतो व स्वर मागाहून उमलतो. ब्लूज वाजविणाऱ्यास हा गुण वाटतो. जलद, तुटक ताल धरणाऱ्यास आणि बेस-वादकास तोच दोष होय. मार्शलच्या आरंभीच्या जेटीएम ४५ मध्ये जीझेड ३४ होती. नंतरच्या १०० वॉटच्या विवर्धकांत सिलिकॉन आले. ‘अ’ वर्गातील विवर्धकात प्रवाह जवळजवळ स्थिर राहत असल्याने तेथे हा फरक नाममात्र असतो.

विवर्धक पूर्ण शक्तीच्या जवळ चालविला तरच हा परिणाम जाणवतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत वाड्यातील वा सदनिकेतील खोलीत शेजाऱ्यांचा विचार करून हळू वाजविणाऱ्यास नलिकेचा खर्च बहुधा व्यर्थ ठरेल. त्याच पेठेतील भरत नाट्य मंदिरासारख्या सभागृहात १५ वॉटचा विवर्धक सहज त्या मर्यादेस पोहोचतो, ५० वॉटचा क्वचितच. या नलिका आज मुख्यतः चीन, रशिया व स्लोव्हाकिया येथे बनतात. याउलट १ एन ४००७ हा १,००० व्होल्टचा व्यस्त दाब सोसणारा डायोड जवळच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात अगदी अल्प किंमतीत मिळतो.

हीच स्वस्ताई धोक्याची आहे. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचा दाब ३०० व्होल्ट असेल, तर भार नसताना धारित्रावर त्याचे शिखर मूल्य, म्हणजे ४२४ व्होल्ट, येते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ६ टक्के वाढ होताच ते सुमारे ४५० व्होल्ट होते; जुन्या विवर्धकांतील पुष्कळ धारित्रांची मर्यादा नेमकी तेवढीच असते. जीझेड ३४ सावकाश तापते व तोवर प्रदान नलिकाही प्रवाह घेऊ लागतात. डायोड मात्र कळ दाबताच पूर्ण दाब देतो. म्हणून ५ वाय ३ च्या जागी डायोड घालताना धारित्रे ५०० व्होल्टची आहेत ना हे पहावे, प्रदान नलिकांचा स्थिर प्रवाह पुन्हा मोजावा आणि मूळची घसरण हवी असल्यास सुमारे ४०० ओहमचा, १० वॉट वा त्याहून अधिक क्षमतेचा रोधक एकसरीत जोडावा. नलिकेच्या तंतूसाठी असलेल्या ५ व्होल्टच्या वेटोळ्याची टोके तोडून मोकळी न सोडता निरोधक वेष्टनात बंद करावीत.

मधला मार्ग म्हणजे नलिका कायम ठेवून तिच्या प्रत्येक धनाग्राशी एकेक डायोड एकसरीत जोडणे. नलिका आतून जोडली गेली तरी रोहित्र जळत नाही, आणि वादनातील प्रतिसाद बदलत नाही. जुन्या विवर्धकासाठी हाच उपाय अधिक पसंत करावा. पुरवठा तोडल्यावरही धारित्रांत प्राणघातक दाब उरतो. तो रोधकातून उतरवून मापकाने खात्री करून घेतल्याविना आत हात घालू नये.