फुटकी नाव: सांधावी की सोडावी?

वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठी राहणाऱ्या आमच्या वाचकांस पुराची ओळख करून द्यावी, असे मुळीच नाही. पाऊस चार दिवस लागून राहिला की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर हे बुटके पूल पाण्याखाली जातात आणि ज्या गावी एरवी सायकलीने दहा मिनिटांत पोहोचावे त्या गावी जाण्यास वीस-पंचवीस मैलांचा वळसा पडतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालांत तर यमगर्णीजवळ पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चढले व निपाणीची वाट खुंटली. अशा वेळी मळ्यांतील वस्त्यांवर अडकलेली माणसे कशी बाहेर काढावी? पूर्वी गुऱ्हाळातील काहील पाण्यात लोटून तीत पोरेबाळे बसवीत. काहील तरते खरी. परंतु तीस ना नाळ, ना सुकाणू. भोवऱ्यात सापडली की ती गरगर फिरते आणि आत बसलेल्यांचे प्राण कंठाशी येतात.

म्हणूनच २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावाने वर्गणी गोळा करून फायबरची एक जुनी नाव विकत घेतली. गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तेथे आपली ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत, परंतु नाव साऱ्या गावाची होती आणि वर्गणीही साऱ्या गावाची. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांनी आपल्या मजुरीतून पैसे दिले होते. २०२१ च्या जुलैत त्या नावेने वस्तीवरच्या माणसांना दोन दिवस ने-आण केली आणि तिसऱ्या दिवशी ती पाण्याखालच्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खांबावर आदळली. माणसे वाचली, नावेच्या कुशीस मात्र ताटाएवढे भगदाड पडले. पुढे ती शाळेमागे उघड्यावर पडून राहिली. गेल्या वैशाखात गावातील मंडळी आमच्याकडे आली व म्हणाली, "फादर, पावसाळा तोंडावर आलाय. ही नाव सांधावी का नवी घ्यावी, ते तुमी सांगा."

आम्ही काय सांगितले, ते लिहावयास आज संकोच वाटतो. नाव पाहण्याआधीच आम्ही बोलून गेलो, "दुरुस्त करा. गरिबांच्या घामाचा पैसा आहे, तो वाया दवडू नये." इतकेच नव्हे, तर पुढल्या रविवारी मिस्सेनंतर दुरुस्तीसाठी दानपेटी फिरविण्याचेही कबूल करून बसलो. काटकसर हा सद्गुण खराच. परंतु सेमिनरीत नावेची विद्या कोणी शिकवीत नाही, हे आम्हांस त्या वेळी आठवावयास हवे होते.

सुदैवाने देवगड-निपाणी रस्त्याने मालवणकडील एक मिस्त्री आपल्या सोयऱ्यांकडे आला होता. फायबरच्या होड्या बांधण्यात त्याचे आयुष्य गेलेले. त्याने भगदाडाकडे ढुंकूनही पाहिले नाही. खिशातून एक रुपयाचे नाणे काढले आणि नावेच्या अंगावर तो ठिकठिक वाजवीत चालला. जेथे अंग निरोगी तेथे नाणे खणखणीत वाजे. काही ठिकाणी मात्र फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येई. तेथे तो खडूने गोल काढी. अर्ध्या तासात सारी नाव खडूच्या गोलांनी भरून गेली.

येथे थोडी माहिती देणे अगत्याचे आहे. फायबरची नाव म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई, रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून साच्यात थरावर थर घातलेली. द्रवात हार्डनर मिसळला की तो वाळून दगडासारखा होतो. बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो पाण्यापासून संरक्षण करतो. असे अंग गंजत नाही, त्यास वाळवी लागत नाही, म्हणून ते अमर आहे असा लोकांचा समज होतो. परंतु पुष्कळ नावांत मागची फळी, जिच्यावर इंजिन बसते ती, आणि तळातील आडवे-उभे दांडे हे आतून लाकडाचेच असतात. वर फक्त फायबरचे कातडे. इंजिनाच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरते आणि वरून नाव ठणठणीत दिसत असता आत लाकूड कुजत राहते. आदळण्याने थरही एकमेकांपासून सुटतात. बद्द आवाज येतो तो त्यामुळे.

मिस्त्रीने मागच्या फळीस आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडले. कोरडा पांढरा भुसा यावयाचा, त्याऐवजी काळपट ओला लगदा बाहेर आला. तो म्हणाला, "फादर, ह्या भोक काय नाय, चार दिसांचा काम. पण आतला लाकूड कुसला."

भगदाड बुजविणे हे खरोखरच अवघड काम नव्हे. फुटलेल्या कडा घासून त्यांस लांब उतार द्यावयाचा, अंगाच्या जाडीच्या सुमारे बारापट; म्हणजे अंग पाच मिलिमीटर जाड असेल तर चहूंकडे सहा सेंटिमीटर. मग नाव पूर्ण वाळवून, अॅसिटोनने पुसून, चटईचे थर एकावर एक बसवावयाचे. जुन्या अंगास साधे पॉलिएस्टर रेझिन तितके धरत नाही, एपॉक्सी अधिक घट्ट धरते. ते महाग असते, पण येथे पैसा वाचवू नये. बाहेरून पुटी भरून वर रंग देणारे कारागीर पुष्कळ भेटतात. त्यांची दुरुस्ती उन्हाळ्यात शोभते आणि पहिल्या पुरात सुटते. (आमच्या तरुणांपैकी कोणी हे काम शिकू म्हणेल तर त्याने तोंडास फडके व डोळ्यांस चष्मा लावल्यावाचून हात घालू नये. काचेची धूळ छातीत जाते आणि हार्डनरचा एक थेंब डोळा घालविण्यास पुरतो.)

तेव्हा प्रश्न भगदाडाचा नव्हताच. मागची फळी, तळाचे दांडे, आणि नाव पाण्याने भरली तरी तिला तरंगती ठेवणारा पोकळीतला फोम, सारे पाण्याने गच्च झाले होते. ते उकरून नवे घालावयाचे तर खर्च नव्या नावेच्या निम्म्याहून वर जात होता. शिवाय मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखविली, जी आमच्या कोणाच्याच ध्यानी आली नव्हती. ती नाव मुळात तलावावर सहल करणाऱ्यांसाठी बांधलेली, पातळ अंगाची व चपट्या तळाची. वेदगंगेच्या पुरात झाडांचे ओंडके वाहून येतात. त्या पाण्यासाठी ती कधीच नव्हती. उत्तम दुरुस्ती केली असती तरी आम्ही सहलीची नावच परत मिळविली असती. जाड अंगाची मासेमारीची नाव असती, आतले लाकूड शाबूत असते, तर त्याच मिस्त्रीने ती सांधावयास सांगितली असती, आणि आम्हीही. कोकणपट्टीत कोळी बांधव अशा नावा वारंवार सांधून वापरतात व त्यांत काही वावगे नाही.

१९८६ साली अवर्षणाने गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसार येथील दोघा भावांस चिखलात एका प्राचीन नावेचा सांगाडा आढळला. सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी ती नाव प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची आहे, असे संशोधकांनी ठरविले. संत पेत्र तीत बसला होता असे कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. आम्हांस नवल वाटले ते निराळेच. तीत दहाहून अधिक जातींचे लाकूड निघाले. कोणा गरीब नावाड्याने मिळेल त्या फळीने, जुन्या नावांच्या तुकड्यांनी, ती पुनःपुन्हा सांधली होती. आणि अखेरीस, यापुढे सांधणे नाही असे दिसताच, डोलकाठी व कामाचे भाग काढून घेऊन सांगाडा सोडून दिला होता.

ही हकिकत आम्ही गावच्या बैठकीत सांगितली व आपला आधीचा शब्द मागे घेतला. काही वडीलधाऱ्यांस ते रुचले नाही. एकजण उठून म्हणाले, "फादर, ज्यांनी वर्गणी दिली त्यांतली चारपाच माणसं आता मातीआड झाली. त्यांची नाव टाकायची व्हय?" बैठक गप्प झाली. आमच्यापाशी उत्तर नव्हते. कृष्णाकाठच्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून निघालेल्यांची नाव उलटून सतरा जणांचा बळी गेला, तीत पेलेल त्याहून अधिक माणसे होती, हे आम्ही सांगणार होतो. पण ते सर्वांस ठाऊक होते. इतक्यात मागून एक विडी कामगार बाई बोलली. तिचा नवरा त्या दिवंगतांपैकीच. ती म्हणाली, "आमच्या मालकांनी पैसं नावंला न्हाई दिलं. पोरं पाण्यातनं भाईर यावीत म्हणून दिलं."

नवी नाव घ्यावयाचे ठरले. पैसे पुरेसे नव्हते. दोन हप्त्यांत देण्याच्या बोलीने देवगडकडे नाव सांगितली आणि ज्येष्ठ संपता संपता ती घाट चढून आली. घेण्यापूर्वी मंडळींनी सारे अंग नाण्याने वाजवून पाहिले व किनाऱ्यालगत ती पाण्याने भरून तरते की नाही याची परीक्षा केली. जुन्या नावेची वल्ही, दोर आणि पितळी कड्या नवीत गेल्या. इंजिन दुरुस्तीस दिले आहे. नाव आता छपराखाली दोन टायरांवर उपडी असते, कारण ऊनही जेलकोट खाते. कुशीवर कानडी व मराठी अशा दोन्ही अक्षरांत 'माणसे आठ' असे ठळक लिहिले आहे, आणि नववा माणूस गावचा पुढारी असला तरी त्यास चढू द्यावयाचे नाही, असा ठराव झाला आहे.

जुना सांगाडा जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो, असे आम्ही बजावले होते. तो त्या बाईच्या दिराने आपल्या मळ्यात नेऊन उपडा घातला. त्याखाली सध्या कडब्याच्या पेंढ्या कोरड्या राहतात.