शून्यावरून सव्वा लाखावर! मुंबईच्या घरबाजाराच्या सात भन्नाट गोष्टी

मंदीत सगळ्यात आधी लांबणीवर पडते ती घरखरेदी. कोरोनाच्या पहिल्या लाटेत मुंबईतही तेच झालं. तरीही बाजार उठून उभा राहिला आणि पुढे धावू लागला. कसा? वाचा.

१. भोपळा!
एप्रिल २०२० मध्ये मुंबईत किती घरांचे दस्त नोंदले गेले? एकही नाही. लॉकडाऊनमुळे देशातला सगळ्यात महागडा घरबाजार महिनाभर चक्क शून्यावर होता.

२. पाचाचे दोन
सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारने मुंबईतलं मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, तेही फक्त ३१ डिसेंबरपर्यंत. हिशेब सोपा होता. एक कोटीच्या फ्लॅटवर पाच लाखांऐवजी दोनच लाख, म्हणजे तीन लाख सरळ वाचले. एवढ्या पैशांत नव्या घराचं स्वयंपाकघर सजतं! ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणारे ‘आत्ताच उरकू’ म्हणू लागले. त्या डिसेंबरात मुंबईत साडेएकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले.

३. पैसे आज भरा, नोंदणी सावकाश
दस्तावर सही झाल्यावर तो नोंदवायला कायद्याने चार महिने मिळतात. म्हणून अनेकांनी डिसेंबरातच शुल्क भरून टाकलं आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली गर्दी ओसरल्यावर नोंदणी केली. जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये शुल्क ३ टक्के होतं, तरी रांगा हटल्या नाहीत.

४. रेडी रेकनर चक्क खाली
दरवर्षी वरच जाणार असं गृहीत धरलेले मालमत्तेचे सरकारी दर, म्हणजेच रेडी रेकनर, सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत सरासरी ०.६ टक्के उतरले. उतार छोटाच, पण बाजाराची नाडी सरकारलाही कळली होती.

५. घर तिच्या नावावर
१ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावर घर घेतलं, तर शुल्कात १ टक्का सूट मिळू लागली. मात्र पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट होती. २०२३ मध्ये तीही गेली. कागदावर आईचं, बायकोचं, लेकीचं नाव येणं ही पैशांच्या बचतीहून कितीतरी मोठी कमाई आहे.

६. रखडलेल्या घराची किल्ली
अडकलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘स्वामीह’ निधी जाहीर केला. त्यातून पूर्ण झालेला देशातला पहिला प्रकल्प मुंबईतलाच, बोरिवलीचा रिवाली पार्क. मे २०२१ मध्ये तिथे ताबा मिळाला. भाडं आणि हप्ता दोन्ही भरून मेटाकुटीला आलेल्या कुटुंबाला विचारा, ताब्याच्या कागदाची किंमत काय असते!

७. व्याज वाढलं, तरी ग्राहक हटला नाही
सर्वांत मोठं आश्चर्य हे. सवलत संपली. एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो अधिभारामुळे मुंबईतलं शुल्क ६ टक्क्यांवर गेलं. रिझर्व्ह बँकेचा ४ टक्क्यांवरचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर पोचला. कर्जाचे हप्ते फुगले. तरी २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत मुंबईत सव्वा लाखाच्या आसपास नोंदण्या झाल्या. २०२४ मध्ये हा आकडा १ लाख ४१ हजारांच्या पुढे गेला.

म्हणजे सवलतीने गाडीला धक्का दिला, पण ती पुढे पळत राहिली त्यात विश्वासाचा वाटा मोठा आहे. २०१७ पासून बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा हे प्राधिकरण आहे. ग्राहकाच्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरला बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत प्रकल्पाची माहिती दाखवणारा क्यूआर कोडही सक्तीचा झाला. टोकन देण्याआधी तो मोबाइलवर स्कॅन करा आणि ताब्याची तारीख स्वतः वाचा. ग्राहक असा जागरूक राहिला, तर पुढच्या मंदीतही बाजार लवकर सावरेल.