गाडी दमली नव्हती!

मोटार घाटात रडू लागली की आत बसलेली सारी मंडळी एकदम वैद्य होतात. आजोबा म्हणतात, पेट्रोलमध्ये भेसळ असणार. मामा म्हणतात, क्लच गेला. मागच्या सीटवरून टोमणा येतो की, फराळाचे डबे जरा जास्तच भरले! आणि गॅरेजात पोचल्यावर शेवटचे निदान कानी पडते, "साहेब, टर्बो गेला. नवा टाकावा लागेल." या वाक्याची किंमत कित्येक घरांत दोन महिन्यांच्या खर्चाएवढी असते.

मी तीस वर्षे एका तांत्रिक विद्यालयात इंजिने शिकवली. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांत अलीकडे टर्बोवाल्या पुष्कळ. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे धुराचे नियम कडक झाले आणि छोट्या पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडून ताकद काढण्याची पद्धत मध्यमवर्गीयांच्या गाड्यांतही रुळली. तेव्हा हे यंत्र काय करते, हे घरातल्या चार माणसांना ठाऊक असलेले बरे.

इंजिन जो धूर बाहेर टाकते, त्याच्या जोरावर एक लहानसे चाक फिरते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरेदेखील घेते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जळणार आणि ताकदही जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मात्र घरगुती मोटारींत ती आली १९६२ साली, अमेरिकेत ओल्ड्समोबील आणि शेव्हर्ले यांच्या गाड्यांतून.

पण दाब बेसुमार वाढला तर इंजिनच फुटायचे. म्हणून धुराच्या वाटेवर बाजूला एक झडप ठेवतात, तिचे नाव वेस्टगेट. ती उघडली की धूर चाकाला वळसा घालून निघून जातो, अगदी पाणचक्कीच्या पाटाचे दार उघडून पाणी बाजूला सोडावे तसा. हे दार उघडणारा एक डबीवजा भाग असतो, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. डबीत पडदा आणि स्प्रिंग. टर्बोचा दाब एका रबरी नळीतून तिच्यापर्यंत पोचतो. तो स्प्रिंगपेक्षा भारी झाला की दार उघडते.

येथे कॉम्प्युटर मध्ये पडतो. त्या नळीच्या वाटेवर एक विजेवर चालणारा व्हाल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड बसवलेला असतो. डबीच्या कानावर किती दाब घालायचा हे तो ठरवतो. थोडा दाब परस्पर दुसरीकडे सोडून दिला, की डबीला वाटते अजून पुष्कळ अवकाश आहे. दार मिटलेले राहते आणि ताकद वाढते. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ही विद्या आपल्या गाड्यांत आणली. आज ती सर्वत्र आहे. काही गाड्यांत तर नळीऐवजी छोटी विजेची मोटरच दार हलवते.

आता एक हकीकत सांगतो. आमच्या शेजारचे एक बँकेतले गृहस्थ कुटुंबासह पुण्याहून साताऱ्याला निघाले. खंबाटकी घाटात गाडी आधी जोरात उसळली आणि मग एकदम मलूल झाली. पिवळा दिवा लागला. बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली, तर पूर्ववत! दोन वळणे पुढे गेल्यावर पुन्हा तोच प्रकार. गॅरेजाने पासष्ट हजारांचा अंदाज हाती ठेवला. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला काढलेली रक्कम साधारण तेवढीच होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फी भरायची की टर्बो घ्यायचा, तेवढे तुम्ही सांगा."

मी स्कॅनर लावला. कॉम्प्युटरने पी ०२३४ हा आकडा लिहून ठेवला होता. त्याचा अर्थ, दाब प्रमाणाबाहेर वाढला. वाढला, कमी झाला नव्हे! झिजलेला, मोडका टर्बो जादा दाब कोठून आणणार? गाडी दमली नव्हती. दाब डोईजड होताच कॉम्प्युटरने तिला आवरून धरले होते. म्हणून तर बंद करून चालू केली की ती पुन्हा धावे. मग दार वेळेवर का उघडत नव्हते?

गाडी थंड असताना मी स्वस्त तपासण्यांपासून सुरुवात केली. इंजिन बंद, किल्ली फिरवलेली, अशा वेळी दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. तो मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्याच्या उंचीवर ९५ च्या आसपास. स्कॅनरवर ९५ आले. साक्षीदार खरा होता. मग घड्याळाचा हातपंप डबीला लावून दाब दिला. दांडी सरकली आणि काटा जागचा हलला नाही. दार जाम नव्हते, पडदा शाबूत होता. स्कॅनरवरून हुकूम देताच सोलेनॉइडने टिकटिक केली. त्याच्या गुंडाळीचा रोध गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळला.

उरल्या नळ्या. वरून सगळ्या धडधाकट दिसत होत्या. एकेक काढून, एक टोक बंद करून पंप मारला. सोलेनॉइडकडून डबीकडे जाणाऱ्या नळीवर काटा घसरला. तापलेल्या टर्बोच्या बाजूला, खालच्या अंगाने, रबराला नखाएवढी चीर गेली होती. दाबाची वार्ता वाटेतच गळत होती. डबीच्या कानी पडतच नव्हती, मग दार उघडणार कसे? उष्णता सोसणारी, त्याच व्यासाची नवी नळी दोनशे रुपयांच्या आत आली. मग कात्रजच्या चढावर गाडी नेली. गृहस्थ चालवत होते आणि मी शेजारी स्कॅनर वाचत होतो. मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेवटपर्यंत जोडीने चढत होते. फी वेळेवर भरली गेली.

याच्या उलट दुखणे म्हणजे पी ०२९९, दाब कमी पडतो. त्यातही पहिला संशय टर्बोवर घेऊ नये. हवेच्या जाड नळ्यांचा सैल क्लॅम्प, भेगाळलेला इंटरकूलर, चोंदलेला फिल्टर, अडकलेला सोलेनॉइड, नीट न मिटणारे दार हे सारे आधी पाहावे. धूर सोडून गळती शोधण्याची तपासणी या कामी उत्तम. पुष्कळ डिझेल गाड्यांत डबी दाबावर नव्हे, तर निर्वात पंपाच्या ओढीवर चालते; तेथे नळीला चीर गेली तरी दाब चढत नाही.

टर्बो खरोखर जातो, तेव्हा तो बहुधा गुपचूप जात नाही. निळा धूर, भोंग्यासारखी किंकाळी, दांड्याचा भलताच खुळखुळा ही त्याची लक्षणे. ती दिसली तर खर्चाला मागेपुढे पाहू नका आणि गाडी पुढे रेटू नका. शिवाय तापलेल्या टर्बोजवळ हौसेने हात घालू नका. तो भाजून काढतो.

वाचकहो, तुम्ही स्वतः पाना हाती घ्यावा असे मी म्हणत नाही. गॅरेजात तीनच गोष्टी विचारा: कॉम्प्युटरने कोणता आकडा लिहिला, तो जास्त दाबाचा की कमी दाबाचा, आणि नळ्या व व्हाल्व्ह कोणत्या रीतीने तपासले? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट बॉनेट उघडून तुम्हांला जवळ बोलावतो.