उघडा डेक आणि उतारू
लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात जहाजाच्या उदरातील यंत्रांचा विचार झाला. आज त्या कोंदट भागातून शिडी चढून आपण वर, मोकळ्या हवेत येत आहोत. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या, पावसाची सदैव वानवा असलेल्या केंदूरसारख्या गावी बसून, समुद्रावरील जहाजाच्या वरच्या मजल्याची मीमांसा कशासाठी करावयाची, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु येथील कान्हूराज महाराजांच्या देवळासमोर कीर्तनाला जमणारा समुदाय ज्याने लक्षपूर्वक पाहिला आहे, त्याला या विषयाचे मर्म अर्धे तरी ठाऊकच आहे. आलेला प्रत्येक मनुष्य, कोणी न सांगता, सावली कोठे आहे, वारा कोणत्या अंगाने येतो, पाठ टेकावयास खांब आहे की नाही आणि समोरचे नीट दिसते की नाही, हे पाहूनच बैठक मारतो. जहाजाच्या डेकवर येणारा उतारूही नेमकी याच चार गोष्टींची पारख करतो. आणि मोठमोठ्या कारखान्यांतून, कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेली नवी जहाजे त्याच्या पसंतीस उतरतात किंवा उतरत नाहीत, ती बहुतांशी याच पारखीवर.

आपल्याकडील या विषयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत समृद्ध अनुभव कोकणच्या आगबोटींचा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाणाऱ्या, आणि पावसाळ्याचे महिने वगळता ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिलेल्या या बोटींचा बहुसंख्य उतारू हा डेकचाच उतारू होता. खोली घेणारे थोडे. बाकीच्यांचे तिकीट म्हणजे उघड्या लाकडी किंवा लोखंडी जमिनीवर अंग टाकण्याची केवळ मुभा होती. बोट धक्क्याला लागताच सतरंज्या, चटया आणि घोंगड्या पसरून जागा धरण्याची जी धांदल उडे, तिच्यात कोण कोठे धावतो हे पाहिले असते तर जहाजाच्या रचनेवरचा तो लोकांचा लेखी नसलेला अभिप्रायच वाचावयास मिळाला असता. यंत्राच्या धुराड्याजवळची जागा शेवटी भरे, कारण तेथे उष्णता आणि तेलाचा वास. नाळेकडची जागा वाऱ्याची खरी, पण तेथे तुषार उडत आणि बोट वरखाली होऊ लागली की सर्वांत अधिक झोका तेथेच बसे. जाणता उतारू मध्यभागी, कठड्यापासून दोन हात आत, आणि ताडपत्रीचा पडदा सोडता येईल अशा बाजूस जागा धरी.

मध्यभागाच्या या पसंतीमागे शास्त्र आहे. लांबट वस्तू लाटेवर झुलते तेव्हा तिची टोके पुष्कळ वरखाली होतात आणि मध्य बराचसा स्थिर राहतो; तराफ्यावर किंवा मध्ये टेकू दिलेल्या फळीवर कोणालाही हे पडताळून पाहता येईल. ज्यांना बोट लागते अशा लोकांना तर उघड्या डेकसारखे दुसरे औषध नाही. बंद खोलीत डोळ्यांना भिंत स्थिर दिसते आणि कानाच्या अंतर्भागातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र आपण हलत आहोत असे सांगत राहते. या दोन साक्षींतील विसंगती हेच त्या मळमळीचे मुख्य कारण होय. डेकवर येऊन क्षितिजाच्या रेषेवर दृष्टी खिळविली की दोन्ही साक्षी जुळतात आणि जीव ठिकाणावर येतो. १९९४ साली मुंबई-गोवा मार्गावर वातानुकूलित, बंदिस्त आणि अतिवेगवान कॅटामरान सुरू झाले, तेव्हा जुन्या बोटीवर रात्र काढावयास लावणारा प्रवास दिवसाच्या काही तासांत उरकू लागला ही सोय निःसंशय मोठी होती; तथापि पूर्वीची मोकळी जमीन जुन्या बोटीबरोबरच गेली. जुन्या बोटीची आठवण काढणारे लोक तिच्या मंद गतीची तक्रार करीत नाहीत. आकाशाखाली काढलेली रात्र तेवढी सांगतात, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

१९३१ च्या ऑगस्टअखेर गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' जहाजाने निघालेल्या गांधीजींनीही त्या प्रवासातील बहुतेक काळ, रात्रीच्या निद्रेसह, डेकवरच काढला होता. साधेपणाच्या व्रताचा तो भाग असेलच. पण ज्याने एकवार डेकवर रात्र काढली आहे त्याला त्यातील सुखही सहज समजेल.

या सुखाची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे आणि तिचा उल्लेख टाळून हा लेखांक पुरा करणे मला अनुचित वाटते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या लोकांनी भरलेली 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जात असता काश्याच्या खडकानजीक उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. वादळी समुद्रात लाट अंगावर आल्याने बोट कलली आणि भयभीत उतारूंचा लोंढा एका बाजूस सरकला, हे त्या वृत्तान्तातील सर्वांत हृदयद्रावक स्थळ आहे. शेकडो माणसांचे वजन उंचावर एका अंगास गेले की अरुंद बोटीचा गुरुत्वमध्य ढळतो आणि तिला परत सरळ करणारे पाण्याचे बळ अपुरे पडते. डेक किती उंच असावा, त्यावर किती माणसांस मुभा असावी आणि ती एका कठड्याशी दाटणार नाहीत अशी आसनांची मांडणी कशी करावी, हा प्रश्न म्हणूनच शोभेचा नाही. नव्या महाकाय जहाजांवरील पोहण्याचे हौद उतारूंना लहान आणि उथळ वाटतात, त्याचेही एक कारण येथेच सापडते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. शंभर घनमीटरांचा हौद म्हणजे शंभर टन, आणि तेही पंधरा-सोळा मजल्यांच्या उंचीवर, शिवाय हिंदकळणारे.

उतारूंच्या प्रतिक्रियेवरून डेकचा आराखडा बदलला गेल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'टायटॅनिक'चे आहे, जरी त्या जहाजाचे नाव लोक निराळ्या कारणासाठी घेतात. तिची ज्येष्ठ भगिनी 'ऑलिंपिक' जून १९११ मध्ये पहिल्या सफरीवर निघाली तेव्हा कंपनीचे चालक इस्मे आणि स्थापत्यज्ञ अँड्र्यूज हे दोघेही तीवर होते. वरच्या फिरण्याच्या डेकच्या पुढील अर्ध्या भागात तुषारांचा त्रास होतो, आणि त्याखालच्या डेकवरील फिरण्याच्या वाटेवर फारसे कोणी फिरकतच नाही, या दोन गोष्टी ध्यानात आल्या. 'टायटॅनिक'वर त्याप्रमाणे वरच्या डेकचा पुढील भाग काचेच्या झडपांनी बंद करण्यात आला, आणि खालची ओस पडणारी वाट मोडून तेथे अधिक मोठ्या खोल्या, दोन श्रीमंत दालनांसाठी खाजगी फिरण्याच्या जागा आणि एक उपाहारगृह यांची तजवीज झाली. सार्वजनिक वाट ओस पडली म्हणून ती खाजगी केली, हा निर्णय हिशेबाच्या दृष्टीने बरोबर होता. पण पुढील शतकात जहाजबांधणीने जी दिशा धरली तिचा आरंभ मला येथेच दिसतो.

ती दिशा १९८४ साली पूर्णपणे उघड झाली. त्या वर्षीच्या 'रॉयल प्रिन्सेस' या जहाजाच्या सर्वच्या सर्व खोल्या समुद्राकडे तोंड करून होत्या, आणि पुष्कळ खोल्यांना स्वतःचा सज्जा होता. उतारूंना ही कल्पना इतकी आवडली की हळूहळू जहाजांच्या दोन्ही बाजू सज्जांच्या रांगांनी भरून गेल्या. जहाजाला पूर्ण वळसा घालणारी रुंद वाट अनेक ठिकाणी तुटली वा आक्रसली. 'क्वीन मेरी २' हे २००४ पासून सेवेत असलेले जहाज या बाबतीत सन्माननीय अपवाद आहे. तिच्या सातव्या डेकवरील वाट अखंड असून जीवरक्षक नौका डोक्यावर टांगलेल्या असल्याने समुद्र दृष्टीआड होत नाही, आणि तीन फेऱ्या घातल्या की सुमारे पावणेदोन किलोमीटर चालणे होते.

वरचा डेक मात्र याच काळात करमणुकीच्या साधनांनी गजबजला. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेले, फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेले, ३६५ मीटर लांबीचे 'आयकॉन ऑफ द सीज' हे या प्रवृत्तीचे शिखर समजावे: सात हौद, सहा जलघसरगुंड्या, मुलांसाठी निराळी पेठ. मुलाबाळांसह गेलेली कुटुंबे या जहाजावर प्रसन्न असतात, आणि त्यांच्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जो मनुष्य समुद्रासाठी समुद्रावर गेला आहे, त्याला तेथे समुद्र शोधावा लागतो. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये सेवेत आलेल्या 'नॉर्वेजियन प्रिमा'ने आठव्या डेकवर जहाजाला पूर्ण वेढणारी सुमारे चव्वेचाळीस हजार चौरस फुटांची उघडी वाट दिली आणि तिची उतारूंनी मनापासून वाखाणणी केली. पण त्याच उतारूंनी वरचा मुख्य हौद आणि त्याभोवतीची जागा फार तोकडी झाल्याची हरकतही घेतली. जहाजावरील चौरस फूट हा शेतातील बांधासारखा नसतो की तो थोडा सरकवून घ्यावा. एका बाजूस दिलेले दुसऱ्या बाजूने काढूनच घ्यावे लागते. 'सेलिब्रिटी एज'ने २०१८ साली सज्जाऐवजी खाली सरकणारी मोठी खिडकी दिली तेव्हाही असेच झाले: खोली मोठी झाली म्हणून काही संतुष्ट, आणि बाहेर पाऊल टाकता येत नाही म्हणून काही रुष्ट.

आसनांचा तंटा तर सार्वत्रिक आहे. सकाळी लवकर येऊन आरामखुर्चीवर टॉवेल टाकावयाचा आणि स्वतः न्याहारीला निघून जावयाचे, ही रीत इतकी वाढली की कार्निव्हल कंपनीला २०१३ मध्ये चाळीस मिनिटांची मुदत घालून देऊन बेवारस खुर्च्यांवरील सामान उचलण्याचा बंदोबस्त करावा लागला. भाऊच्या धक्क्यावर सतरंजी पसरणारा कोकणी उतारू आणि हा टॉवेल टाकणारा धनिक प्रवासी यांच्यात मला फरक इतकाच दिसतो की पहिला आपल्या सतरंजीवर रात्रभर स्वतः बसत असे. याहून खेदाची गोष्ट निराळीच आहे: नव्या जहाजांवर वरच्या डेकचा उत्तम भाग, बहुधा पुढचा आणि उंचीवरचा, जादा पैसे भरणाऱ्यांसाठी कुलपात ठेवण्याची चाल पडली आहे. एमएससी कंपनीने २००८ पासून चालविलेला 'यॉट क्लब' हे तिचे ठळक उदाहरण. खोली, भोजन, सेवा यांचे दर्जे असावेत. क्षितिजाचे नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायाखालच्या जमिनीचाही विचार उतारू करतात. जुन्या जहाजांचा डेक सागवानी असे. खारे पाणी आणि ऊन सोसूनही ते लाकूड टिकते, ओले असता पाय घसरत नाही आणि अनवाणी चालताना फारसे पोळत नाही. वजन, किंमत आणि निगा यांच्या हिशेबाने आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी कृत्रिम थराने घेतली आहे. भर दुपारी तो तापतो आणि तळवे भाजतात ही तक्रार उष्ण प्रदेशांतील सफरींवर नेहमी ऐकू येते.

आता आपल्या किनाऱ्याकडे परत येऊ. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे स्मरण जागविणारे 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर निघाले. सायंकाळी समुद्रात आणि सकाळी मुरगावाजवळ, म्हणजे जुन्या बोटीसारखाच रात्रीचा प्रवास, फक्त सतरंजीच्या जागी खोली आणि डेकवर हौद. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सफरी करणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे मूळचे १९९० साली फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधलेले जहाज, आणि त्याचा वरचा डेक ज्या उतारूंसाठी योजला गेला ते हिवाळ्याला कंटाळलेले, उन्हात तासन्‌तास पडून राहण्यास आसुसलेले पाश्चात्त्य लोक होते. आपला मनुष्य उन्हाच्या शोधात घर सोडून जात नाही. मुंबईहून निघालेल्या मराठी कुटुंबांकडून मी जे ऐकले त्याचे सार असे की दुपारी डेक त्यांना निरुपयोगी वाटला, सूर्यास्तास आणि पहाटे मात्र तेथे उभे राहावयास जागा पुरेना. ओळीने मांडलेल्या आडव्या खुर्च्या त्यांना गैरसोयीच्या वाटल्या, कारण आजी, सून, नातवंडे अशी आठ-दहा माणसे घोळका करून समोरासमोर बसू इच्छितात. आणि ध्वनिक्षेपकावरील संगीत रात्री उशिरापर्यंत चालू राहिल्याने लाटांचा आवाज कानी पडला नाही.

या प्रतिक्रियांत मागणी फार थोडी आहे. कायमचे छत असलेला डेकचा निदान एक तृतीयांश भाग, हलवून वर्तुळात मांडता येतील अशी पाठीची बाके, कठड्याला टेकून बसणाऱ्याच्या दृष्टीस आडवे न येणारे गज, वारा अडविण्यासाठी काच असली तरी दोन-चार ठिकाणी मोकळा झरोका. जहाज वीस नॉटने चालले म्हणजे निर्वात हवेतही ताशी सदतीस किलोमीटरांचा वारा डेकवर उत्पन्न होतो, त्यामुळे काच अपरिहार्य आहे हे मान्य. पण सर्वत्र काच लावली की उतारू पुन्हा कॅटामरानच्या बंद पेटीतच बसतो. घारापुरीच्या लाँचवर वरच्या मजल्यासाठी लोक जादा पैसे देतात ते कोणत्याही सुखसोयीसाठी नव्हे, तेथे साधी बाके असतात. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणाऱ्या रो-रो नौकेतही, वातानुकूलित बैठक हाताशी असता, कित्येक जण तासाभराचा सारा प्रवास वरच्या कठड्याशी उभे राहून करतात. कोकणच्या बंदरांसाठी ज्या नव्या नौका योजल्या जातील, त्यांचे आराखडे मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा शनिवारी सकाळी या नौकेवर चढून ही माणसे कोठे उभी राहतात एवढे पाहिले, तरी पुष्कळ काम होईल.

पुढील लेखांकात बंदर आणि धक्का यांचा विचार करू. जुन्या काळी पडावातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या उतारूची व्यवस्था आणि आजची व्यवस्था यांची तुलना तेथे येईल.